‘एंटरप्राइझ आर्किटेक्ट’ कोर्सच्या नावाखाली झालेली फसवणूक

पुण्यात जावा या संगणकीय भाषेत डेव्हलपर म्हणून काही वर्षे काम केले की ‘आर्किटेक्ट’, म्हणजे संपूर्ण प्रणालीची रचना ठरवणारा, होण्याचे वेध लागतात, आणि नेमक्या याच टप्प्यावरच्या लोकांना हेरणारे क्लास चालतात. अशाच एका क्लासने माझ्याकडून १ लाख १८ हजार रुपये घेतले. प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगापुढे असल्याने क्लासचे नाव येथे लिहीत नाही; मात्र फसवणुकीची पद्धत सविस्तर सांगते, कारण ती उद्या दुसऱ्या नावाच्या पाटीखालीही भेटू शकते.

बँका आणि विमा कंपन्यांत चालणाऱ्या मोठ्या बहुस्तरीय प्रणालींची रचना शिकवू, ‘लाइव्ह प्रोजेक्ट’ करून घेऊ, आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र देऊ आणि नोकरीची शंभर टक्के हमी, असे सर्व काही जाहिरातीत होते. डेमो लेक्चर खरोखरच चांगले झाले. ते घेणारे अनुभवी गृहस्थ बॅच सुरू झाल्यावर मात्र पुन्हा दिसले नाहीत, आणि त्यांच्या जागी जे सर आले ते स्लाइड वाचून दाखवत.

त्या स्लाइडवर कंट्रोलर (विनंती स्वीकारणारा भाग), सर्व्हिस (कामकाजाचे नियम) आणि रिपॉझिटरी (डेटाबेसशी बोलणारा भाग) असे तीन चौकोन होते व त्यालाच ‘थ्री टियर आर्किटेक्चर’ म्हटले होते. वस्तुतः हे तिन्ही एकाच प्रोसेसमध्ये, म्हणजे एकाच चालू प्रोग्रॅममध्ये, चालतात. ती कोडची अंतर्गत मांडणी, म्हणजे लेयर आहे. टियर वेगळा म्हणायचा तर मध्ये प्रोसेसची किंवा यंत्राची सीमा हवी, आणि रचनेतील सगळी अवघड दुखणी त्या सीमेवरच सुरू होतात, कारण नेटवर्कवरून केलेली विनंती हरवू शकते, रेंगाळू शकते, किंवा काम पूर्ण होऊनही त्याचे उत्तर वाटेत हरवू शकते. मी विचारले की खात्यातून पैसे वजा झाले, पण उत्तर वाटेतच गेले आणि ग्राहकाने बटण पुन्हा दाबले, तर दुसऱ्यांदा पैसे कापले जाऊ नयेत यासाठी काय करायचे. प्रत्येक व्यवहाराला विशिष्ट क्रमांक द्यावा आणि तो आधी येऊन गेला आहे का हे सर्व्हरने तपासावे, एवढे तरी उत्तर अपेक्षित होते. सर म्हणाले, “मेथडवर ट्रान्झॅक्शनल लिहा, होऊन जाईल.” ही खूण डेटाबेसमधले बदल एकत्र पूर्ण किंवा एकत्र रद्द करते; पुन्हा आलेली विनंती ती ओळखत नाही. टॉमकॅट हा जावाचा वेब सर्व्हर मूळ मांडणीत २०० पर्यंत थ्रेड, म्हणजे समांतर कामे, चालवतो आणि हिकारीसीपी ही कनेक्शन सांभाळणारी लायब्ररी मूळ मांडणीत डेटाबेसची १० पर्यंत कनेक्शन ठेवते, तेव्हा गर्दीच्या वेळी उरलेल्या थ्रेडचे काय होते, या प्रश्नावर तर “ते प्रॉडक्शन टीम बघते” असे सांगण्यात आले. मग आर्किटेक्टने काय बघायचे, हे मात्र कोणी सांगितले नाही.

अभ्याससाहित्य ‘अद्ययावत’ म्हणून विकले होते. प्रत्यक्षात त्यात डेटाबेसमधील नोंदी हाताळण्याची एंटिटी बीन्स ही जुनी पद्धत होती, जी २००६ मध्ये जावा ईई ५ (मोठ्या प्रणालींसाठीच्या जावा मानकाची आवृत्ती) आल्यावरच मागे पडली. उदाहरणांतील जावाएक्सने सुरू होणाऱ्या आयात-ओळी आज वापरल्या जाणाऱ्या स्प्रिंग बूट ३ या जावा चौकटीवर कंपाइलच होत नव्हत्या, कारण २०२० अखेरच्या जकार्ता ईई ९ मध्ये (जकार्ता ईई हे जावा ईईचे नवे नाव) ही नावे बदलली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेले स्प्रिंग बूट ३ त्याच नव्या नावांवर उभे आहे.

खरा उलगडा ‘लाइव्ह प्रोजेक्ट’मुळे झाला. एका मोठ्या रुग्णालयासाठी प्रणाली चालू आहे असे सांगून आम्हाला कोड देण्यात आला. त्यातील रुग्ण-प्रकारांच्या तक्त्यात मांजर, कुत्रा, पाल, साप, पक्षी आणि हॅमस्टर अशा नोंदी होत्या. स्प्रिंगची ओळख करून देण्यासाठी कोणालाही फुकट मिळणारा ‘पेटक्लिनिक’ हा पशुवैद्यकीय दवाखान्याचा नमुना प्रकल्प ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा कोड तोच आहे हे वेगळे सांगायला नको. प्राण्याच्या मालकाचा ‘नातेवाईक’ आणि पशुवैद्याचा ‘डॉक्टर’ केला होता. प्राण्यांची यादी काढायची राहून गेली. काही फाइलींच्या माथ्यावरची अपाचे या मुक्त-स्रोत परवान्याची सूचना खोडली होती, काहींत तशीच होती. नमुना म्हणून पेटक्लिनिक उत्तमच आहे, पण तो मुद्दाम लहान ठेवलेला आहे आणि मूळ मांडणीत मेमरीतच राहणाऱ्या एच२ डेटाबेसवर चालतो. बंद करून सुरू केला की भरलेली माहिती नाहीशी. असे ‘रुग्णालय’ आम्हाला लाखभर रुपयांना शिकवले जात होते.

प्रमाणपत्राचीही तीच गत. सन मायक्रोसिस्टिम्सची, आणि २०१० मध्ये सन विकत घेतल्यावर ओरॅकलची, एंटरप्राइझ आर्किटेक्ट परीक्षा एके काळी खरोखर होती. तिच्यात बहुपर्यायी प्रश्न, एक रचना करून देणे आणि त्या रचनेचे लेखी समर्थन असे तीन भाग असत. आमच्या क्लासने परीक्षा न घेताच त्याच शब्दांची पीडीएफ वाटली. तिच्यावरचा क्रमांक पडताळण्याची सोय कोठेही नव्हती.

पैशांची बाजू अधिक काळजीपूर्वक वाचावी. ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणून भरून घेतलेला ऑनलाइन फॉर्म हा एका वित्त कंपनीच्या कर्जाचा करार निघाला. रक्कम थेट क्लासच्या खात्यात गेली, कर्जदार मी राहिले, आणि क्लास सोडला तरी हप्ते खात्यातून कापले जातात. ते थांबवले तर सिबिल स्कोअर घसरतो. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार कर्जदाराला मुख्य अटींचे पत्रक मिळाले पाहिजे आणि ठरावीक मुदतीत मुद्दल व तेवढ्याच काळाचा खर्च भरून बाहेर पडता आले पाहिजे. मला पत्रक मिळाले ते मुदत उलटून गेल्यावर. फीच्या पावतीवर जीएसटी क्रमांकही नव्हता. किमतीत १८ टक्के कर धरल्याचे तोंडी सांगितले होते.

परतावा मागितल्यावर क्लासने उत्तर पाठवले की शिक्षण ही ‘सेवा’ नाही, म्हणून ग्राहक कायदा लागू होत नाही. हे अर्धसत्य आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी २०२० च्या निर्णयात शिक्षणसंस्थांना कायद्याबाहेर ठेवले, पण कोचिंग क्लासना ती सवलत नाकारली. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची आहे, दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीचे शुल्क लागत नाही आणि वकील सक्तीचा नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी, कारण तेथील नोंद क्रमांक पुढे जोडता येतो.

मी तक्रारीसोबत जाहिरातीचे स्क्रीनशॉट, कर्जाचा करार, पावती, काउन्सेलरचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश आणि क्लासचा प्रकल्प व पेटक्लिनिक यांच्या फाइलींची ओळीनुसार तुलना जोडली आहे. नोटिशीनंतर क्लासने निम्मी रक्कम देऊ केली, पण तक्रार मागे घेऊन कोठेही न लिहिण्याची अट घातली. ती मी मान्य केलेली नाही, आणि हप्ते अजून चालू आहेत.