द्राक्षबागेतलं ओलावा मोजणारं यंत्र: घेणार असाल तर दोन सेन्सरचंच घ्या

निफाड तालुक्यात माझी थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग आहे, जमीन काळी, भारी. खरड छाटणीनंतर (द्राक्षं काढून झाल्यावर उन्हाळ्यात होते ती) बागेत हे यंत्र बसवलं. खांबावर सोलर पॅनेल, डबीत सिम आणि ड्रीपरजवळ जमिनीत दोन सेन्सर: एक फुटावर एक, दोन फुटांवर दुसरा. आकडे किलोपास्कलमध्ये मोबाइलवर येतात. शून्याच्या आसपास म्हणजे माती चिंब. आकडा चढेल तसं मुळांना पाणी ओढायला जड जातं.

पैसे वसूल होतात ते खालच्या सेन्सरमुळे. आमच्याकडे थ्री फेज लाईट बऱ्याचदा रात्रीची, त्यामुळे लाईट आहे तोवर ठिबक चालू, अशीच गावाची रीत. वरून माती सुकलेली दिसते, पण दोन फुटांवरचा आकडा शून्याकडे उतरला की समजायचं, पाणी मुळांच्या खाली चाललंय आणि ठिबकमधून सोडलेलं नत्रही घेऊन चाललंय. शिवाय भारी जमीन अशी भरून राहिली की पांढरी मुळी चालत नाही. आता मी खालचा आकडा हलला की वॉल्व्ह बंद करतो आणि वाफसा येईपर्यंत, म्हणजे जादा पाणी निथळून मातीत हवा खेळेपर्यंत, पाणी सोडत नाही. मण्यात पाणी उतरताना, म्हणजे मणी मऊ होऊन पिकू लागतात तेव्हा, तर हे फारच कामाला येतं, कारण तेव्हा ताण पडून एकदम पाणी मिळालं की मणी तडकतात.

तक्रार बसवण्याबद्दल आहे. कंपनीच्या माणसाने सेन्सरभोवती कोरडी ढेकळं ढकलली, माती चिकटलीच नाही, आकडे काहीच्या काही. त्याच मातीचा गाळ करून भोकात ओतायला लावला, तेव्हा ताळ्यावर आले. काळी जमीन भेगाळते. सेन्सरजवळून भेग गेली तरी असंच होतं. त्यामुळे बसवताना स्वतः उभे राहा. ॲपची वर्षाची वर्गणी किती, तेही आधी लिहून घ्या.

सोबत एनपीके सेन्सर गळ्यात मारत होते, तो मी घेतला नाही. तसली स्वस्त काडी मातीची विद्युतवाहकता मोजते आणि नत्र, स्फुरद, पालाश अंदाजाने दाखवते. खताचा हिशोब माती आणि पानांच्या देठांच्या परीक्षणावरच करा, त्याला पर्याय नाही.

आणि प्लॉटमध्ये मुरमाड पट्टा असेल तर त्याला वेगळा सेन्सर आणि वेगळा वॉल्व्ह लावा. काळ्या मातीतल्या आकड्यावर तिथे पाणी तोडलंत तर वेली सुकतील.