‘३५ वॅट, अंडरव्होल्टेड’ अशी पाटी लावलेला मिनी पीसी घेताना

पाच जुने मिनी पीसी. प्रत्येकावर छापील स्टिकर: ‘आय५-८५००टी, ३५ वॅट, अंडरव्होल्टेड, वीजबिल निम्मं’. अंडरव्होल्टेड म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा कमी व्होल्टेजवर चालवलेला. घेणारे गृहस्थ छोटा कॉम्प्युटर क्लास चालवतात. दिवसाचे दहा तास मशिनं चालू, म्हणून कमी विजेचे प्रोसेसर त्यांनी मुद्दाम शोधले होते. विकणाऱ्यानं व्हिडिओ कॉलवर विंडोजमधलं सिस्टिमचं पान उघडून दाखवलं, तिथे आय५-८५००टी हेच नाव. थ्रॉटलस्टॉप या व्होल्टेज बदलणाऱ्या प्रोग्राममधला उणे १५० मिलिव्होल्टचा स्क्रीनशॉटही पाठवला. पैसे यूपीआयनं आगाऊ गेले. महिन्याभरानं एका मशीनवर विंडोज ११ नव्यानं टाकायला घेतलं, तर हा पीसी विंडोज ११ चालवू शकत नाही, असं सांगून इन्स्टॉलर थांबला. झाकण उघडलं, पंखा काढला, चिपवरची थर्मल पेस्ट पुसली. चिपवर कोरलेलं होतं आय५-६५००टी. पाचही मशिनांत तेच.

म्हणजे २०१८ च्या सहा कोअरच्या पैशात २०१५ ची चार कोअरची चिप गळ्यात मारली गेली. वर अंडरव्होल्ट केल्याचे वेगळे पैसे घेतले ते निराळेच. ही फसवणूक एका प्रकारची नव्हती. नाव, वॅट आणि व्होल्टेज, तिन्हींत खोट होती, आणि तिन्ही घेण्याआधी अर्ध्या तासात पकडता आल्या असत्या.

आधी नावाचं. सिस्टिमच्या पानावर प्रोसेसरचं जे नाव दिसतं ते विंडोज रजिस्ट्रीतून वाचतं. मशीन सुरू होताना तिथे खरं नाव लिहिलं जातं, पण नंतर ते अ‍ॅडमिनचे अधिकार असलेल्या कुणालाही बदलता येतं. विकणारे टास्क शेड्युलरमध्ये चार ओळींची बॅच फाइल ठेवतात. लॉगिन झालं की ती खरं नाव पुसून हवं ते लिहिते. विंडोज नव्यानं टाकलं की ती फाइल जाते आणि पितळ उघडं पडतं. म्हणून विकणाऱ्याच्या विंडोजवर, त्याच्या सीपीयू-झेड या प्रोसेसरची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रामवर, त्यानं पाठवलेल्या फोटोवर काहीच ठरवू नका.

स्वतःचा उबुंटूचा (लिनक्सचा एक प्रकार) लाइव्ह पेन ड्राइव्ह न्या, त्यावरून मशीन सुरू करा, ‘ट्राय उबुंटू’ निवडा, टर्मिनल उघडून ‘एलएससीपीयू’ (lscpu) ही आज्ञा चालवा. हे नाव थेट चिपकडून येतं. शिवाय नावाखालचे आकडे पाहा. आय५-८५००टी असेल तर मॉडेल १५८, स्टेपिंग (चिपच्या आवृत्तीचा क्रमांक) १० आणि सहा कोअर दिसायला हवेत. मॉडेल ९४, स्टेपिंग ३ आणि चार कोअर दिसले, तर ती सहाव्या पिढीची चिप आहे, मग वर काहीही लिहिलेलं असो. मदरबोर्डही साक्ष देतो. सहावी आणि आठवी पिढी दोघींचं सॉकेट एलजीए ११५१ असलं, तरी आठवीला ३०० मालिकेतला चिपसेट (बोर्डावरची नियंत्रक चिप) लागतो: एच३१०, बी३६०, क्यू३७० वगैरे. बोर्डावर एच११० किंवा क्यू१७० असेल आणि प्रोसेसर आठव्या पिढीचा आहे असं कुणी सांगत असेल, तर बोलणी तिथेच थांबवा.

सुटी चिप घेताना वरच्या धातूच्या टोपीवरची अक्षरं वाचा. मॉडेल क्रमांकाच्या खालच्या ओळीत ‘एसआर’नं सुरू होणारा कोड आणि मूळ वेग असतो. तो कोड इंटेलच्या संकेतस्थळावर टाकला की मॉडेल कळतं. खरी अक्षरं लेझरनं कोरलेली असतात, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं घासून ती जात नाहीत. ‘इंटेल कॉन्फिडेन्शियल’ असं कोरलेलं असेल किंवा लिनक्समध्ये नावाच्या जागी नुसतं ‘जेन्युइन इंटेल सीपीयू ००००’ आलं, तर ते इंजिनिअरिंग सॅम्पल, म्हणजे चाचणीसाठी बनवलेला नमुना आहे. ते विक्रीसाठी नसतंच, त्याची मालकी इंटेलकडेच राहते, वॉरंटी नाही, आणि बायोस अपडेट केल्यावर ते चालेल याची खात्री नाही.

आता वॅट. इथे खोटं बोलावंही लागत नाही, अर्धवट सांगितलं की पुरतं. आय५-८५०० हा ६५ वॅटचा, मूळ वेग ३.० आणि टर्बो, म्हणजे थोड्या वेळापुरता जास्तीत जास्त वेग, ४.१ गिगाहर्ट्झ. आय५-८५००टी ३५ वॅटचा, २.१ आणि ३.५. दोन्हींचे सहा कोअर त्याच घडणीचे. नावाशेवटी ‘टी’ असलेल्या चिपला फक्त वरून लगाम घातलेला असतो. ३५ वॅट हा विजेचा खप नाही. सलग भाराखाली चिपनं किती वॅटवर स्थिरावायचं याची ती मर्यादा आहे, बायोसमध्ये तिला पीएल१ म्हणतात. पीएल२ ही थोड्या वेळापुरती त्याहून जास्त सूट असते. ती किती सेकंद टिकावी ते टाऊ नावाची सेटिंग ठरवते, पुष्कळ बोर्डांवर ती २८ असते.

मशीन नुसतं चालू आहे, वर्डची फाइल उघडी आहे, मुलं टायपिंग करतायत, अशा वेळी दोन्ही चिपा जवळपास सारखीच वीज घेतात. दोघी आपापल्या मर्यादेच्या कितीतरी खाली असतात. फरक पडतो तो पूर्ण भारावर. समजा रोज एक तास खरोखर जोरकस काम आहे आणि त्या तासात टीनं ३० वॅट वाचवले. वर्षाला झाले सुमारे ११ युनिट. तेही पूर्ण नव्हेत, कारण तेच काम टी सावकाश करते. ‘वीजबिल निम्मं’ या शब्दांसाठी टीला जास्त पैसे मोजू नका. टी घ्यायची ती लहान डब्यात, बारीक हीटसिंक आणि ६५ वॅटच्या अडॅप्टरवर चालवायची असेल तर. मोठी कॅबिनेट असेल तर साधी ६५ वॅटची चिप घ्या आणि बायोस परवानगी देत असेल तर पीएल१ ३५ वर आणा. गरजेला पुन्हा वाढवता येतो.

उलटा प्रकारही सर्रास चालतो. जाहिरातीत नुसतं ‘आय५ आठवी पिढी’ लिहायचं, शेवटचा ‘टी’ गाळायचा आणि भाव साध्या ८५०० चा लावायचा. पूर्ण क्रमांक लिहून मागा.

राहिलं अंडरव्होल्टिंग. कल्पना खरी आहे. चालू चिपच्या खपाचा मोठा भाग व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत बदलतो. त्याच वेगावर १.२० चे १.१० व्होल्ट केले तर तो भाग सुमारे १६ टक्क्यांनी उतरतो. पंखा शांत होतो, तापमान खाली येतं. पण हे सगळ्या मशिनांवर करता येत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट ही सुरक्षेची त्रुटी जाहीर झाली आणि त्यानंतरच्या बायोस अपडेटांनी पुष्कळ मशिनांत व्होल्टेज बदलण्याची वाटच बंद केली. नावाशेवटी ‘के’ नसलेल्या चिपा आणि कंपनीचे मिनी पीसी यांत तर हे हमखास. काही विकणारे वाट उघडी राहावी म्हणून जुना बायोस परत टाकतात. म्हणजे ती त्रुटीही तुमच्या पदरात येते.

स्क्रीनशॉट कसा वाचायचा ते नीट पाहून घ्या. थ्रॉटलस्टॉपच्या एफआयव्हीआर या व्होल्टेज बदलायच्या खिडकीत एक सरकपट्टी असते आणि वर उजवीकडे एक तक्ता. सरकपट्टी कुठेही ओढता येते, ती फक्त मागणी दाखवते. तक्त्यातला ऑफसेटचा (व्होल्टेज किती कमी-जास्त केलं त्याचा) रकाना खरं काय लागू झालंय ते सांगतो. तिथे शून्य असेल किंवा खिडकीत ‘लॉक्ड’ लिहिलेलं असेल, तर अंडरव्होल्ट झालेलंच नाही. खरा आकडा १/१०२४ व्होल्टच्या पायऱ्यांनी सरकतो, म्हणून ८० मागितले की ८०.१ दिसतं आणि १०० च्या जवळ ९९.६. कोअर आणि कॅश (चिपमधली छोटी मेमरी) दोन्हींना सारखाच ऑफसेट लागतो, एकालाच दिला तर फायदा मिळत नाही. शिवाय ही सेटिंग चिपमध्ये साठत नाही. विंडोजमधला प्रोग्राम दर वेळी ती लावतो, विंडोज गेलं की तीही गेली. अशा सेवेचे वेगळे पैसे देण्यात अर्थ नाही.

तुमच्या मशीनवर वाट उघडी असेल तर स्वतः करा. उणे ५० पासून सुरुवात, मग दहा-दहानं खाली. प्रत्येक पायरीला प्राइम९५ या ताण देणाऱ्या प्रोग्रामची ‘स्मॉल एफएफटी’ चाचणी अर्धा तास चालवा. व्होल्टेज कमी पडलं की त्या चाचणीतला एखादा वर्कर ‘फेटल एरर: राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४’ असं सांगून थांबतो. तिथून १५ ते २० मिलिव्होल्ट मागे या. एवढ्यावर थांबू नका, कारण पूर्ण भार पेलणारं मशीन हलक्या कामात गारद होतं. एकच कोअर टर्बोला चढतो, वेग सर्वांत जास्त, आणि तिथेच व्होल्टेज तोकडं पडतं. दोन दिवस रोजचं काम करा, स्लीपमधून दहा-बारा वेळा उठवा, मग विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डब्ल्यूएचइए-लॉगर’ (हार्डवेअरच्या चुकांच्या नोंदी) शोधा. इव्हेंट १९ म्हणजे चूक झाली पण दुरुस्त झाली. तरीही मागे या. इव्हेंट १८ म्हणजे मशीन त्याच क्षणी पडलं. दुर्लक्ष केलं तर निळा पडदा दिसेलच असं नाही. झिप फाइल उघडत नाही, हिशेबाची एक्सेल बिघडते, आणि दोष हार्ड डिस्कला दिला जातो.

एएमडीचे रायझन प्रोसेसर घेणाऱ्यांसाठी एक वेगळा सापळा. काही मोठ्या कंपन्यांच्या मशिनांतून काढलेले रायझन प्रो, उदाहरणार्थ ३५ वॅटचा ४६५०जीई, सुटे विकायला येतात. काही कंपन्या प्लॅटफॉर्म सिक्युअर बूट वापरून चिप आपल्याच बोर्डाशी कायमची जखडतात. अशी चिप दुसऱ्या कंपनीच्या बोर्डावर सुरूच होत नाही आणि हे कुलूप काढता येत नाही. तुमच्याच बोर्डावर लावून दाखवणार असेल तरच घ्या.

मशीन किती वीज खातं हे सॉफ्टवेअरला विचारू नका. एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममधली ‘पॅकेज पॉवर’ फक्त चिपची असते. अडॅप्टरचा तोटा, रॅम, डिस्क, बोर्ड त्यात येत नाहीत. भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचा वॅट मीटर सोबत न्या. मशीन सुरू करून दहा मिनिटं काही न करता ठेवा आणि आकडा लिहा. मग प्राइम९५ लावा. सुरुवातीचा उंच आकडा सोडून द्या, दोन मिनिटांनी जिथे स्थिरावेल तो घ्या. चांगला मिनी पीसी रिकामा असताना साधारण दहा वॅटच्या आसपास असतो. ३५ वॅटची म्हणून दिलेली चिप सलग भाराखाली भिंतीवर ९० वॅट दाखवत असेल, तर एक तर ती टी नाही किंवा मर्यादा काढून टाकलेली आहे.

बिलावर ‘कॉम्प्युटर १ नग’ चालत नाही. प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, मशीनचा सीरियल नंबर आणि परत करण्याची मुदत लिहून घ्या. पार्सल आलं तर डबा उघडण्यापासून एलएससीपीयूपर्यंत एकाच सलग व्हिडिओत टिपा. ऑनलाइन पैसे गेले आणि विकणारा गायब झाला, तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा, पैसे पुढे सरकण्याआधी खातं गोठवलं जाण्याची शक्यता तेव्हाच असते. विकणारा समोर असून दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, तिथे ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही. सोबत तो स्टिकर काढून न टाकता तसाच ठेवा, आणि पेस्ट पुसलेल्या चिपचा फोटो त्याच मशीनच्या सीरियल नंबरासह एका चौकटीत घ्या.