टॉप्स १९७२ ची कॉमन बेसबॉल कार्डं: घेताना आधी नंबर बघा

आम्ही न्यू जर्सीत राहतो, मुलगा लिटल लीग, म्हणजे लहान मुलांचं बेसबॉल, खेळतो आणि त्याच्यामुळे मलापण हे वेड लागलं. दोन वर्षं झाली, आम्ही दोघं टॉप्स या बेसबॉल खेळाडूंची कार्डं छापणाऱ्या अमेरिकन कंपनीचा १९७२ चा सेट जमवतोय. ७८७ कार्डं आहेत, आणि त्यातली बहुतेक कॉमन, म्हणजे ज्या खेळाडूंची नावं आज इथल्या लोकांनापण आठवत नाहीत त्यांची. स्टार लोकांच्या कार्डांबद्दल सगळेच लिहितात म्हणून मी फक्त कॉमनबद्दल लिहितोय.

दिसायला हा सेट एकदम भारी. टीमचं नाव वर मोठ्ठ्या रंगीत अक्षरात, जुन्या थिएटरच्या पाटीसारखं, खाली खेळाडूचं नाव, बस. तो पिचर आहे की कॅचर हे पुढे लिहिलेलंच नाही, कार्ड उलटून बघावं लागतं, आणि पोरगं प्रत्येक कार्ड उलटून मागचे आकडे वाचत बसतं ते मला फार आवडतं.

आता किंमत. कॉमन म्हणजे सगळी एकाच भावाची असं मला आधी वाटायचं, तसं अजिबात नाहीये. तेव्हा टॉप्स पूर्ण सेट एकदम काढायचं नाही, सीझनभर थोडी थोडी कार्डं सिरीजमध्ये यायची, आणि शेवटची सिरीज येईपर्यंत उन्हाळा संपत आलेला, पोरांचं लक्ष शाळेत आणि फुटबॉलमध्ये, त्यामुळे दुकानदार माल कमी मागवायचे. म्हणून ६५७ ते ७८७ नंबरची कार्डं कमी सापडतात, यांना हाय नंबर म्हणतात. दोनशे नंबरच्या आसपासचं कॉमन मला डॉलरच्या आत मिळालं आणि तेवढ्याच चांगल्या अवस्थेतलं सातशेच्या पुढचं घ्यायला ६ डॉलर मोजले, दोन्ही खेळाडू सारखेच अनोळखी! १९७४ पासून टॉप्सने सगळी कार्डं एकदमच काढायला सुरुवात केली, त्यामुळे पुढच्या सेटमध्ये ही भानगड नाही.

नंबरनंतर कोपरे बघा, मग चित्र मध्यभागी आहे का ते, आणि मग कार्ड दिव्याखाली तिरकं धरा. हे तिरकं धरणं विसरू नका. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून निअर मिंट, म्हणजे जवळजवळ नवंकोरं, म्हणून हाय नंबर मागवलं, फोटोत चकाचक होतं, हातात आल्यावर तिरकं धरलं तर आडवी घडी. घडी पडलेलं कार्ड निअर मिंट नसतंच, कोपरे कितीही टोकदार असू देत. पैसे परत मिळाले पण पंधरा दिवस गेले आणि पोरगं हिरमुसलं ते वेगळंच.

तेव्हापासून शक्यतो दुकानात बसूनच घेतो. लांब पांढऱ्या खोक्यांमध्ये कार्डं नंबरप्रमाणे लावलेली असतात, आपली यादी घेऊन बसायचं आणि एकेक काढून बघायचं, घाई करायची नाही. ऑनलाइन भाव बघायचाच असेल तर विकल्या गेलेल्या कार्डांचा बघा, नुसता मागितलेला आकडा काही कामाचा नाही.

ग्रेडिंगला, म्हणजे पैसे घेऊन कार्डाच्या अवस्थेचा दर्जा ठरवून देणाऱ्या कंपनीकडे, कॉमन पाठवू नका, कार्ड एकदम नवंकोरं असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर कार्डापेक्षा फी जास्त होते. नऊ खणांची प्लास्टिकची पानं आणि एक बाइंडर, एवढं पुरतं.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो हाय नंबरच्या भावामुळे, कारण आमची ४१ कार्डं राहिलीत आणि त्यातली ३३ सहाशे सत्तावन्नच्या पुढची आहेत.