तळाची प्लेट काढून बघा: सेकंडहँड कॅमेरा घेताना माझी झालेली फसवणूक

मी नाशिकमधल्या एका शाळेत खेळ शिकवते. आमच्या खो-खो संघातल्या निम्म्याहून जास्त मुली पेठ-सुरगाण्याकडच्या, वसतिगृहात राहणाऱ्या. त्यांच्या आईवडलांना सामन्यांना येणं जमत नाही. मजुरी बुडते, वर एसटीचं भाडं. आपली पोरगी मैदानात काय करते हे त्यांना कळतं ते फोटोतूनच. शाळेच्या फलकावर मी कविता राऊत यांचं वर्तमानपत्रातलं जुनं कात्रण लावलंय, २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्यपदक मिळालं तेव्हाचं. आपल्याच जिल्ह्यातल्या सावरपाड्याची मुलगी म्हणून आमच्या मुली येताजाता तिथे थांबतात. मग २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, प्रियांका इंगळेच्या संघाने तो जिंकला, सगळीकडे सूर मारलेले फोटो झळकले, आणि आमच्या एका मुलीने मला विचारलं, "मॅडम, आमचे असे फोटो का नाही येत?"

येत नव्हते, कारण मी फोनवर काढत होते. खांबाजवळ सूर मारून गडी बाद करायचा तो सगळा खेळ अर्ध्या सेकंदाच्या आत संपतो. बटण दाबेपर्यंत मुलगी जमिनीवर आलेली असते आणि फोटोत उरते धूळ. रेषेबाहेरून झूम करावं तर चेहरे पुसल्यासारखे होतात. म्हणून ठरवलं, कॅमेरा घ्यायचा. दिवाळीपर्यंत बाजूला टाकलेले ४०,००० रुपये होते.

एवढ्या पैशांत नवा कॅमेरा बघितला तर त्याच्यासोबत येणारी साधी किट लेन्स मिळत होती, लांबचं टिपणारी लेन्स मिळत नव्हती. दोन आठवडे माहिती काढली. उघड्यावरच्या खेळासाठी एक गोष्ट आपल्या बाजूने असते, ती म्हणजे ऊन. भरपूर उजेडात १/१००० सेकंदाचा शटर स्पीड, म्हणजे फोटो टिपायला लागणारा वेळ, सहज मिळतो, मग लेन्स महागडी नसली तरी भागतं. इनडोअर कबड्डीसाठी हेच गणित कोलमडतं. आपल्याला लागतं ते पळत्या खेळाडूला धरून ठेवणारं फोकस, सेकंदाला पाच-सहा फोटो आणि २०० ते ३०० मिलिमीटरची लेन्स. त्यावरून मी निकॉन डी७२०० वर आले. २०१५ चं मॉडेल आहे, पण ५१ फोकस पॉइंट, सेकंदाला ६ फोटो, आणि आधीच्या डी७१०० सारखा थोड्याच फोटोंनंतर अडखळत नाही. निवड चुकली नव्हती हे आजही म्हणते. कॅमेऱ्याचा दोष काही नाही.

ऑनलाइन जाहिरात दिसली: डी७२००, सोबत ७०-३०० व्हीआर (हाताची थरथर सावरणारी) लेन्स, बिल, बॉक्स, शटर काउंट १२,००० च्या आत, किंमत ३८,०००. भाव फार पडलेला नव्हता, म्हणूनच विश्वास बसला. फारच स्वस्त असता तर मी फिरकलेच नसते.

शटर काउंट म्हणजे कॅमेऱ्याने आजवर किती फोटो काढले तो आकडा. आतला पडदा प्रत्येक फोटोला उघडतो-मिटतो, झिजतो. डी७२०० चा पडदा कंपनीने १,५०,००० फोटोंसाठी तपासलेला आहे. निकॉनच्या मूळ फोटो-फाइलमध्ये हा आकडा लिहिलेला असतो आणि तो वाचून दाखवणारी साधनं मोफत मिळतात. एवढं मला माहीत होतं, म्हणून मी विक्रेत्याला फोनवर म्हटलं, एक फोटो पाठवा, मी काउंट बघते. तो म्हणाला, "ताई, व्हॉट्सअॅपवर पाठवला तर आतली माहिती निघून जाते. मेल करतो, म्हणजे तुमची खात्री होईल." माझ्या मनातली उरलीसुरली शंका त्या वाक्याने गेली. आपणहून खरी माहिती सांगतोय तो माणूस खोटा कसा असेल, असंच मला वाटलं. फाइल आली. आकडा ११,८४०.

संध्याकाळी सातला मेहेर सिग्नलजवळ भेटायचं ठरलं. मी दुपारची वेळ मागितली होती, पण त्याला ऑफिस होतं. पंचविशीतला, नीटनेटका, अदबीने बोलणारा. पुण्याला नोकरी लागली, सामान कमी करतोय म्हणाला. चहाच्या टपरीच्या ट्यूबलाइटखाली कॅमेरा हातात घेतला. कुठे ओरखडा नाही, रबर चकचकीत. खाली ट्रायपॉडची, म्हणजे कॅमेरा तिपाईवर बसवायची, प्लेट घट्ट बसवलेली होती. "ही पण ठेवा ताई, मला काय करायची," असं म्हणाला. मी आठ-दहा फोटो काढले, एकेक करून. सगळे नीट आले. तेवढ्यात त्याला फोन आला, ओझरहून दुसरं गिऱ्हाईक निघालंय म्हणे. मी ३६,५०० म्हटलं, तो लगेच तयार झाला. यूपीआयवर नाव बाईचं आलं. "आईचं खातं आहे." मी पैसे पाठवले.

पहिले तीन आठवडे मी खुशीत होते. सरावाचे फोटो चांगले येत होते. अधूनमधून एखाद्या फोटोच्या कडेला काळपट पट्टा दिसायचा. माझंच काही चुकत असेल समजून मी सेटिंग बदलत बसले. तो पट्टा म्हणजे पडदा वेळेवर सरकत नाहीये याची खूण असते, हे तेव्हा कळलं असतं तर थोडा तरी वेळ हाताशी राहिला असता.

जिल्ह्याच्या सामन्याच्या दिवशी सकाळी चांगलंच ऊन पडलं होतं. दुसऱ्या डावात, जिने तो प्रश्न विचारला होता तीच मुलगी खांबाकडे धावली. मी आधीपासून खांबावर नजर ठेवून बसले होते. बटण दाबून धरलं, दोन फोटो निघाले, तिसऱ्याला खटकन वेगळाच आवाज आला आणि वरच्या पट्टीवर 'ईआरआर' (म्हणजे एरर) लुकलुकायला लागलं. बॅटरी काढून घातली, लेन्स काढून लावली, काही होईना. तिने सूर मारला, गडी बाद झाला, मैदानात ओरडा झाला, आणि मी मेलेला कॅमेरा हातात धरून उभी. ती दहावीत आहे. शाळेकडून तिचा तो शेवटचा मोठा सामना होता.

रविवार कारंजाजवळच्या गल्लीत कॅमेरे दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांनी सगळ्यात आधी नाण्याने तळाची प्लेट सोडवली आणि विचारलं, "मॅडम, हा नंबर बिलाशी जुळवला होता का?" मी प्लेट कधी काढलीच नव्हती. डी७२०० चा अनुक्रमांक तळाला असतो, बरोब्बर त्या प्लेटखाली. बिलावर एक क्रमांक, बॉक्सवर बिलाचाच क्रमांक, कॅमेऱ्यावर मात्र वेगळाच. मग काकांनी माझ्या कार्डावरचा सरावाचा एक फोटो संगणकात उघडला. काउंट १,८७,००० च्या वर. त्याने मेल केलेली फाइलही उघडली. काउंटच्या आसपासच बॉडीचा, म्हणजे लेन्स सोडून नुसत्या कॅमेऱ्याचा, अनुक्रमांक लिहिलेला होता, बिलावरचाच. म्हणजे बिल, बॉक्स आणि फाइल ही तिन्ही एका चांगल्या कॅमेऱ्याची, एकमेकांशी तंतोतंत जुळणारी. मला दिलेली बॉडी फक्त दुसरी. मी तपासणी केली होती, पण त्याने हातात ठेवलेल्या फाइलवर केली होती, आणि तपासलं या समाधानात नंतर माझ्या स्वतःच्या फोटोंवर एकदाही केली नाही. हे मला अजून सलतं.

चकचकीत रबर नवं चिकटवलेलं होतं. ते उचकटल्यावर खाली जुन्या स्टिकरचा डिंक निघाला. काकांच्या मते हा बरीच वर्षं भाड्याने फिरलेला, लग्नाच्या सीझनमध्ये राबलेला कॅमेरा असावा. लेन्सबाबतही तसंच. निकॉनची एएफ-पी डीएक्स ७०-३०० लेन्स दोन प्रकारांत आली, व्हीआर असलेली आणि नसलेली. दोन्हींवर बाहेर एकही बटण नाही, दिसायला सारख्याच. फरक नावातल्या शेवटच्या दोन अक्षरांचा. माझ्या लेन्सवर ती अक्षरं नव्हती. पळत्या खेळाडूच्या फोटोला व्हीआरचा फारसा उपयोग नाही, ते हाताची थरथर सावरतं, पळणाऱ्याला थांबवत नाही. पण पैसे मी त्या अक्षरांचेही मोजले होते. आणि हो, डी९० सारखी आणखी जुनी बॉडी कोणी देऊ केली तर ही लेन्स तिच्यावर फोकसच करत नाही, तेही बघून घ्या.

काकांनी मला एक चाचणी करून दाखवली, ती इथे सांगते, कारण ती पैसे देण्याआधी कोणालाही करता येईल. दिवसाउजेडी भेटा. स्वतःचं कोरं कार्ड न्या. शटर स्पीड १/४००० आणि १/८००० ठेवून मोकळ्या आभाळाचे फोटो काढा आणि पूर्ण फोटोत उजेड सारखा आहे का बघा. कडेला सावली असली तर कॅमेरा परत द्या. मग बटण दाबून धरून सलग वीस-तीस फोटो घ्या, लय कुठे तुटते का ते कानाने ऐका. मी एकेकच फोटो काढले आणि थकलेला पडदा त्यात पकडला गेला नाही. त्यानंतर तुमच्या कार्डावरची, तुम्ही काढलेली फाइल तिथेच उघडून काउंट आणि अनुक्रमांक वाचा, आणि तो क्रमांक तळाशी, बॉक्सशी, बिलाशी ताडून बघा. कॅननच्या बहुतेक डीएसएलआरमध्ये काउंट फोटोत लिहिलेला नसतो, तिथे कॅमेरा वायरने संगणकाला जोडावा लागतो, तेव्हा सोबत लॅपटॉपवाला माणूस न्या. एवढं करायला विक्रेता वेळ देत नसेल तर ओझरच्या गिऱ्हाइकाला घेऊ द्या.

त्याचा नंबर बंद आहे, जाहिरात काढून टाकलेली आहे. ऑनलाइन पैसे गेले की १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा, रक्कम त्या खात्यातून पुढे जायच्या आत गोठवली जाऊ शकते. मला कळलं तोवर २४ दिवस उलटले होते. तरीही पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला आहे, सोबत व्यवहाराचा क्रमांक, मेल, बिलाची प्रत आणि तिन्ही ठिकाणच्या अनुक्रमांकांचे फोटो जोडलेत. जुन्या कायद्यात ४२० म्हणायचे ते कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे. मेलमधली फाइल मी पुसली नव्हती, तीच आता सगळ्यात भक्कम पुरावा ठरतेय, म्हणून फसल्याचं कळल्यावर रागाने काहीही डिलीट करू नका.

ते बिल, तो बॉक्स आणि ११,८४० काउंटची ती फाइल दाखवून त्याने आणखी कोणाला तरी विकलं असणार असं मला वाटतं. मेहेर सिग्नल, संध्याकाळची वेळ, आईचं खातं, फुकट दिलेली ट्रायपॉड प्लेट, यातलं काही तुमच्या व्यवहारात घडलं असेल तर आजच प्लेट काढून क्रमांक बघा आणि तुमचाही अर्ज द्या. तक्रारदार दोन झाले तर खातं शोधायला जोर येईल.

पडदा बदलायचे काकांनी साडेनऊ हजार सांगितलेत. सुटा भाग मुंबईहून यायचाय. त्या सामन्याचे जे दोन फोटो निघाले त्यात ती खांबाकडे धावताना दिसते, सूर मारण्याच्या दोन पावलं आधी. त्यातला एक मी छापून सुरगाण्याला तिच्या घरी पाठवला आहे.