रेसिडेंट ईव्हिल ४ : रिमेक जरूर घ्या, पण जुनी डिस्क देऊन टाकू नका

मागच्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास असताना माझा भाचा सुटीसाठी वर्ध्याहून आमच्या धरमपेठेतल्या घरी आला. दुपारी घराबाहेर पाऊल टाकणे शक्य नसते, त्यामुळे कूलरसमोर बसून गेम खेळणे हा आमच्या घरातला जुना उन्हाळी रिवाज आहे. 'रेसिडेंट ईव्हिल ४'चा २०२३ मधला रिमेक त्याने आधीच दोनदा पूर्ण केला होता. कपाट आवरताना त्याला त्याच नावाची प्लेस्टेशन २ ची जुनी डिस्क सापडली आणि त्याने विचारले, "मामा, नवा गेम असताना ही कशाला ठेवली?" मला चटकन उत्तर देता आले नाही. पुढचे तीन आठवडे आम्ही एक प्रकरण जुन्या गेममध्ये आणि तेच प्रकरण नव्या गेममध्ये, अशा क्रमाने दोन्ही खेळलो. हे परीक्षण त्या तीन आठवड्यांवर आधारलेले आहे.

ज्यांनी यातला एकही गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॅपकॉम या जपानी कंपनीचा मूळ गेम जानेवारी २००५ मध्ये निन्टेन्डोच्या गेमक्यूब या कन्सोलवर आला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस प्लेस्टेशन २ वर. दिग्दर्शक होते शिंजी मिकामी. लिऑन केनेडी हा अमेरिकी सरकारचा माणूस राष्ट्राध्यक्षांच्या अपहृत मुलीला, अ‍ॅशलीला, सोडवण्यासाठी स्पेनमधल्या एका आडगावात पोहोचतो आणि तिथले गावकरी एका परोपजीवी जिवाच्या ताब्यात गेलेले आहेत, हे त्याच्या लक्षात येते. कथेपेक्षा या गेमचे मोठे योगदान कॅमेऱ्याचे आहे. कॅमेरा नायकाच्या खांद्यामागे नेऊन ठेवण्याची या गेमची पद्धत पुढच्या कितीतरी नेमबाजीच्या गेमनी उचलली. रिमेक २४ मार्च २०२३ रोजी आला. त्याचे दिग्दर्शन यासुहिरो अनपो आणि काझुनोरी काडोई यांनी केले आहे.

रिमेक अत्यंत मेहनतीने आणि मूळ कृतीवर खऱ्या प्रेमाने केलेले काम आहे, हे मी आधीच स्पष्ट करतो. जुन्या गेममध्ये लुईस हा पात्रांच्या गर्दीत येऊन जाणारा एक माणूस होता. इथे तो बरोबर चालतो, लढतो, बोलतो, आणि त्यामुळे त्याचे जाणे मनाला लागते. अ‍ॅशलीच्या बाबतीतली सुधारणा तर निर्विवाद आहे. पूर्वी तिचा जीव वेगळा जपावा लागे आणि तिला 'थांब', 'ये' किंवा 'लप' एवढेच सांगता येई. आता ती स्वतंत्र, भित्री आणि तरीही धीराची मुलगी वाटते. क्राउझर या शत्रूबरोबरची सुऱ्यांची लढत पूर्वी चित्रफितीसारखी समोरून जात असे आणि आपण पडद्यावर उमटेल ते बटण वेळेत दाबायचे एवढेच काम होते. रिमेकमध्ये ती लढत प्रत्यक्ष खेळता येते, प्रत्येक वार आपल्या हाताने अडवता येतो, आणि माझ्या मते संपूर्ण गेममधला तो सर्वोत्तम भाग आहे. बॅगेतल्या चौकटींमध्ये बंदुका, अंडी आणि औषधी वनस्पती नीट बसवण्याचा जुना आनंद त्यांनी जपला, याबद्दलही मी मनापासून आभारी आहे.

असे असूनही रिमेकला मूळ गेमची जागा घेता येत नाही, आणि याचे पहिले कारण भाच्यानेच मला दाखवून दिले. जुन्या गेममधल्या पहिल्या गावात शिरताच तो अडखळला. त्याने बंदूक रोखली, बाजूला सरकायचा प्रयत्न केला, आणि लिऑन जागचा हलला नाही. "मामा, हा चालता चालता गोळी का झाडत नाही?" मूळ गेममध्ये निशाणा धरला की पाय थिजतात. चालायचे असेल तर बंदूक खाली करायची, आणि झाडायची असेल तर उभे राहायचे. आजच्या खेळाडूला हा जुन्या यंत्राचा दोष वाटतो. पण त्या गावातला प्रत्येक शत्रू, प्रत्येक गल्ली आणि प्रत्येक शिडी ही मर्यादा गृहीत धरूनच रचलेली आहे. गावकरी धावत येतात, पण जवळ आल्यावर मंदावतात, हेलकावे खातात, कारण समोरच्या माणसाला थांबून विचार करायला तेवढाच अवधी द्यायचा आहे. प्रत्येक गोळी म्हणजे 'मी आता इथून हलणार नाही' असा घेतलेला निर्णय असतो, आणि भीती त्या निर्णयातून निर्माण होते.

रिमेकने हलता हलता नेम धरण्याची मुभा दिली, आणि तसे करताच शत्रूंना अधिक वेगवान, अधिक चिवट आणि संख्येने अधिक भासणारे करणे भाग पडले. हा बदल पुढे सगळीकडे झिरपत जातो. जुन्या गेममध्ये डोक्यात एक गोळी बसली की गावकरी बहुधा डोके धरून लडखडतो. मग आपण पुढे जाऊन एक फिरती लाथ मारायची, आणि त्या लाथेत आजूबाजूचे चारपाच जण कोसळतात. गोळी, दोन पावले, लाथ, असा तो ठेका एकदा अंगात भिनला की गेम गाण्यासारखा चालतो. नव्या गेममध्ये शत्रू कोणत्या गोळीला लडखडेल याचा भरवसा धरता येत नाही, म्हणून तोल सांभाळण्यासाठी सुऱ्याने वार परतवण्याची सोय दिली आहे, आणि तो सुरा वापरून झिजतो व व्यापाऱ्याकडून दुरुस्त करून घ्यावा लागतो. ही रचनाही चांगली आहे, विचारपूर्वक केलेली आहे. परंतु ती दुसरी रचना आहे. एकीत माणूस जागा निवडतो, दुसरीत क्षण निवडतो. दोन्ही गेमची पात्रे, गाव आणि घटनाक्रम सारखा असूनही हातांना मिळणारा अनुभव वेगळा राहतो, आणि गेम हे माध्यम शेवटी हातांनीच वाचले जाते.

पिवळ्या रंगाचा मुद्दा अनेकांना किरकोळ वाटेल. मला तो महत्त्वाचा वाटतो. रिमेकमध्ये फोडता येणाऱ्या खोक्यांवर आणि पिंपांवर पिवळ्या रंगाचे फराटे मारलेले आहेत, आणि त्यावर बरीच टीका झाली. मूळ गेममध्ये असा रंग नव्हता, कारण त्याची गरज नव्हती. साध्या, मोजक्या वस्तू असलेल्या त्या खोल्यांमध्ये पिंप दिसले की ते फुटते हे डोळ्यांना आपसूक कळत असे. रिमेकच्या खोल्या इतक्या बारकाव्यांनी भरलेल्या आहेत, भिंतीवरच्या ओलीपासून टेबलावरच्या कुजक्या अन्नापर्यंत इतके काही तिथे आहे, की कामाची वस्तू कोणती आणि शोभेची कोणती हे रंग लावून सांगावे लागते. चित्र जितके खऱ्यासारखे झाले तितके ते वाचायला अवघड झाले. रिमेक म्हणजे जुन्या गेमवर फक्त नवा मुलामा, असे समजणाऱ्यांनी या एका उदाहरणाचा अवश्य विचार करावा.

सेव्ह करण्याबद्दलही सांगितले पाहिजे, कारण माझी या गेमची सर्वांत ठळक आठवण त्याच्याशी जोडलेली आहे. मूळ गेममध्ये प्रगती जतन करायची तर गेममध्ये ठरावीक ठिकाणी ठेवलेल्या टाइपरायटरपर्यंत पोहोचावे लागते. मी तो गेम खेळलो तेव्हा विदर्भात भारनियमनाचे दिवस होते. वीज जाण्याच्या वेळा आम्हाला पाठ झालेल्या असत आणि घड्याळाकडे एक डोळा ठेवून मी पुढचा टाइपरायटर गाठायची धडपड करत असे. एकदा किल्ल्याच्या भागात दीड तासाचा खेळ वीज गेल्याने पुसला गेला आणि मला पुन्हा आधीच्या टाइपरायटरपासून सुरुवात करावी लागली. ते वाईट वाटणे आजही आठवते, पण त्याचबरोबर टाइपरायटर असलेल्या खोलीत शिरल्यावर सुटणारा निःश्वासही आठवतो. रिमेकमध्ये टाइपरायटर आहेतच, पण गेम मधूनमधून आपोआपही सेव्ह होतो. केवळ 'प्रोफेशनल' या सर्वांत कठीण पातळीवर ती सोय काढून घेतलेली आहे. ज्यांना जुनी धास्ती हवी आहे त्यांनी ती पातळी निवडावी.

रिमेकमधून काय वगळले, हेही नव्या खेळाडूला माहीत असावे. किल्ल्याचा मालक सालाझार याच्या अवाढव्य पुतळ्याने किल्ल्यात केलेला पाठलाग मला फार प्रिय होता, तो गेला. लेझर किरणांच्या बोळातली धावपळ लिऑनच्या कथेतून काढून सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या 'सेपरेट वेज' या, एडा नावाच्या गुप्तहेर स्त्रीच्या स्वतंत्र प्रकरणात घातली, आणि ते प्रकरण वेगळे विकत घ्यावे लागते. योगायोग असा की २००५ च्या प्लेस्टेशन २ आवृत्तीत याच नावाचे प्रकरण डिस्कबरोबरच मिळत होते. नव्या गेमचा गंभीर सूर लक्षात घेता तो पुतळा तिथे शोभला नसता, हे मला मान्य आहे. पण मूळ गेमची खरी गंमत ही होती की तो भीतिदायकही होता आणि जत्रेसारखा अतरंगीही, आणि या दोन्ही गोष्टी एकमेकींना बाधत नव्हत्या.

इथे एक प्रामाणिक शंका मी स्वतःच उपस्थित करतो. मूळ म्हणजे नेमके कोणते? गेमक्यूबवरची दृश्ये प्लेस्टेशन २ वरच्या दृश्यांपेक्षा सरस होती. प्लेस्टेशन २ ने दृश्यांत तडजोड करून एडाचे प्रकरण वाढवले. निन्टेन्डोच्या 'वी' या कन्सोलवरच्या २००७ च्या आवृत्तीत हात हलवून नेम धरता येत असल्याने गेम सोपा झाला. म्हणजे पहिल्या अडीच वर्षांतच तीन 'मूळ' तयार झाले होते. तरीही या तिन्हींमध्ये निशाणा धरल्यावर पाय थिजतात, आणि म्हणून मी तिन्हींना एकच गेम मानतो.

जागा घेणे या शब्दाला बाजाराचाही एक अर्थ आहे, आणि माझ्या दृष्टीने तोच अधिक गंभीर आहे. कॅपकॉमने रिमेक आणताना जुना गेम विक्रीतून काढला नाही. स्टीम या संगणकाच्या गेमच्या ऑनलाइन दुकानातली २०१४ ची आवृत्ती आणि प्लेस्टेशन ४ व निन्टेन्डो स्विचवरच्या आवृत्त्या आजही घेता येतात. २०२४ मध्ये तर मालिकेतले पहिले तीन जुने गेमही जीओजी या अशाच दुसऱ्या दुकानात पुन्हा उपलब्ध झाले. सगळीकडे असे घडले नाही. जानेवारी २०२० मध्ये 'वॉरक्राफ्ट ३'ची नवी आवृत्ती आली तेव्हा जुना गेम विकत घेतलेल्यांच्या संगणकावरचा प्रोग्रामच बदलला गेला. २०२१ मध्ये 'ग्रँड थेफ्ट ऑटो' म्हणजे जीटीएच्या तीन जुन्या गेमची सुधारित आवृत्ती येण्याआधी मूळ तिन्ही गेम डिजिटल दुकानांतून हटवण्यात आले. त्या आवृत्तीत दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरेसुद्धा चुकली होती. 'टफ नट' नावाच्या डोनटच्या दुकानावरचा षटकोनी नट गोल गरगरीत होऊन बसला, आणि तो नट का होता हेच कोणाला कळेनासे झाले. खेळाडूंच्या संतापानंतर जीटीएच्या रॉकस्टार कंपनीने माफी मागून जुने गेम संगणकासाठी परत विक्रीला ठेवले. त्या तिघांतल्या 'व्हाइस सिटी'वर आपल्याकडच्या सायबर कॅफेंमध्ये एक अख्खी पिढी वाढली आहे, त्यामुळे हा प्रसंग मला परका वाटत नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासानुसार अमेरिकेत २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज बाजारात मिळत नाहीत. नवा गेम आला म्हणून जुना काढून टाकणे हे या पार्श्वभूमीवर मला अक्षम्य वाटते.

रिमेकखेरीज आणखी एक वाट आहे आणि तिचाही उल्लेख व्हायला हवा. संगणकावरच्या जुन्या 'रेसिडेंट ईव्हिल ४'साठी चाहत्यांनी अनेक वर्षे राबून २०२२ मध्ये एक विनामूल्य 'एचडी प्रोजेक्ट' पूर्ण केला. मूळ गेममधल्या भिंती, दारे आणि दगड ज्या खऱ्या वास्तूंच्या छायाचित्रांवरून घेतले होते त्यांपैकी काहींचा शोध घेऊन, तिथे जाऊन, त्यांची नव्याने छायाचित्रे काढली आणि ती गेममध्ये बसवली. खेळण्याच्या रीतीला त्यांनी हात लावला नाही. जुन्या देवळाचा दगड धुऊन काढावा, पण गाभारा हलवू नये, तसे हे काम आहे. ज्यांना जुनी धूसर दृश्ये सहन होत नाहीत पण मूळ गेम हवा आहे, त्यांनी स्टीमवरची आवृत्ती घेऊन हेच वापरावे. आजच्या साध्या संगणकावरही ते चालते.

खरेदीबाबत माझा सल्ला असा आहे. ज्यांनी दोन्ही खेळलेले नाहीत त्यांनी आधी मूळ गेम घ्यावा आणि किमान पहिल्या गावातली चर्चची घंटा वाजून गावकरी हातातली हत्यारे टाकून निघून जाईपर्यंत तो खेळावा. सुरुवातीचा अर्धा तास कंट्रोलर हाताला जड वाटेल. तेवढा वेळ त्याला द्यावा. त्यानंतर रिमेक घेतल्यास त्यातली प्रत्येक सुधारणा आणि प्रत्येक वजाबाकी स्पष्ट दिसेल. ज्यांनी जुना गेम पूर्वी खेळला आहे त्यांनी रिमेक निःशंकपणे घ्यावा, आणि शक्य असल्यास 'सेपरेट वेज'सह घ्यावा. जुने कन्सोल आणि डिस्क भंगारात देण्याचा विचार असेल तर एखाद्या तरुण नातेवाइकाला आधी विचारावे. माझा भाचा वर्ध्याला परत जाताना दोन्ही घेऊन गेला, आणि परवा त्याचा निरोप आला की तळ्यावरच्या टाइपरायटरपर्यंत तो पोहोचला आहे.