खांद्याचे व्यायाम: पत्रक बघून घरीच, की फिजिओथेरपिस्टकडे?

स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली की डिस्चार्जच्या वेळी बहुतेक ठिकाणी हाताच्या व्यायामाचं पत्रक मिळतं. घरी आल्यावर ते औषधांच्या पिशवीतच राहतं. महिन्याभराने वेणी घालायला हात वर जात नाही, तेव्हा त्याची आठवण होते.

घरच्या व्यायामाला खर्च नाही आणि तो रोज दोन-तीनदा करता येतो. भिंतीवर बोटांनी चढत जायचं, आडवं पडून दोन्ही हातांत धरलेली काठी डोक्याकडे न्यायची. उणीव एकच, पण मोठी: चुकतंय कुठे ते पत्रक सांगत नाही. भिंतीवर हात चढवताना बाई नकळत खांदा कानाकडे उचलते, कंबरेतून कलते. भिंतीवरची पेन्सिलीची खूण वर सरकते, खांदा मात्र होता तिथेच. कधी काखेपासून कोपरापर्यंत दोरीसारखा ताण लागतो, आणि शीर तुटेल या भीतीने हात हलवणंच बंद होतं. खरं तर त्या दोरीला हळूहळू ताणच द्यायचा असतो. हे समोर बसून कुणी दाखवलं तरच धीर येतो.

ब्रिटनमध्ये १७ केंद्रांतल्या ३९२ स्त्रियांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. खांदा आखडण्याचा धोका जास्त असलेल्या या स्त्रिया होत्या. निम्म्या जणींना फक्त माहितीपत्रकं दिली, बाकीच्यांना फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम. वर्षानंतर दुसऱ्या गटाचा हात जास्त चांगला चालत होता, आणि हाताची सूजही वाढली नव्हती. मला यातली मोलाची गोष्ट वाटते ती अशी, की ठरलेल्या भेटी होत्या अवघ्या तीन: शस्त्रक्रियेनंतर सात ते दहा दिवसांनी, महिन्याने आणि तीन महिन्यांनी. गरज पडली तर आणखी तीन. एरवी व्यायाम घरीच.

म्हणून काखेतल्या एक-दोनच गाठी (लसिकाग्रंथी) तपासायला काढल्या असतील आणि खांदा आधीपासून ठीक असेल, तर घरी करून बघा. काखेतल्या सगळ्या गाठी काढल्या असतील, रेडिएशन ठरलं असेल, किंवा आधीच मधुमेह वा खांदा आखडण्याचा त्रास असेल, तर वाट न बघता फिजिओथेरपिस्टकडे जा. रेडिएशनला हात डोक्यावर ठेवून निश्चल पडावं लागतं. हात तेवढा गेला नाही तर उपचार अडतो. रेडिएशन संपल्यावरही कित्येक महिने स्नायू आखडत राहतात, तेव्हा व्यायाम सोडायचा नाही.

दोन्हीकडे एक पथ्य सारखंच: पहिल्या आठवड्यात सर्जनने सांगितल्याशिवाय हात खांद्याच्या वर नेऊ नका. स्तनाची पुनर्रचना झाली असेल तर त्यांचाच शब्द शेवटचा. चोळून, ओढून हात मोकळा करणाऱ्यांकडे तर जाऊच नका. शस्त्रक्रियेच्या बाजूची त्वचा अनेकदा बधिर असते, गरम शेकाने भाजलं तरी कळत नाही.

गाव लांब असेल तर फिजिओची भेट टाके दाखवायच्या किंवा केमोच्या तारखेला जोडून मागा. दर आठवड्याला दोन्ही हात वर केलेला फोटो काढा आणि जाताना ते फोटो सोबत ठेवा.