शास्त्रीय ऐकायला सुरुवात करायचीय: पिक्चर, रेकॉर्ड प्लेयर की सवाईचं तिकीट?

गेल्या महिन्यात माझ्या मावसबहिणीचा फोन आला. "दादा, मला शास्त्रीय ऐकायला लागायचंय, म्हणजे ऑफिसचं काम करताना मागे लावून ठेवायला नाही, नीट. रेकॉर्ड प्लेयर घेऊ का सवाईचं तिकीट काढू? का आधी तू सांगतोस ते पिक्चर बघू?" (सवाई म्हणजे पुण्यात दरवर्षी होणारा शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव.) तिचा पहिला बोनस झालाय, त्यातले पंधरा-वीस हजार तिने बाजूला काढून ठेवलेत. तासभर बोललो तिच्याशी आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की अर्ध्या गोष्टी सांगायच्या राहिल्याच, म्हणून सगळं इथे लिहून काढतोय, अजून कोणी याच विचारात असेल तर त्यांनाही उपयोगी पडेल.

मी हे तिन्ही वीसेक वर्षं करतोय, तिन्हीवर माझा जीव आहे. पण पैसे मर्यादित असतील आणि सुरुवात एकाच कशाने तरी करायची असेल तर माझ्या मते एकच गोष्ट बघायची: तिथे रागाला वेळ किती मिळतो. बाकी आवाजाची क्वालिटी, सोय, खर्च हे सगळं त्याच्यानंतर.

पिक्चरपासून सुरू करतो कारण आपल्यापैकी बहुतेकांची सुरुवात तिथूनच झालेली असते. २०११ चा बालगंधर्व, २०१५ चा कट्यार काळजात घुसली, २०२२ चा मी वसंतराव. कट्यार थिएटरमध्ये बघितला तेव्हा माझ्या पुढच्या रांगेत एक शाळकरी मुलगा होता, पॉपकॉर्न हातात तसंच राहिलं होतं त्याच्या, गाणं संपेपर्यंत हात तोंडाकडे गेला नाही. ही ताकद पिक्चरची आहे, ज्याच्या घरात कोणी कधी तंबोरा बघितला नाही त्यालाही सूर हा प्रकार काय असतो ते दोन तासात पोचतं. आणि एक धागा हाताला लागतो. कट्यार आवडला की कळतं मूळ नाटक १९६७ चं, पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचं, त्यातल्या खाँसाहेबांचं काम करायचे डॉ. वसंतराव देशपांडे, मग ती जुनी पदं शोधून ऐकली जातात, मग वसंतराव आवडायला लागतात, आणि त्यांच्या आयुष्यावरच्या पिक्चरमध्ये त्यांचं काम त्यांचाच नातू राहुल देशपांडे करतोय हे बघताना वेगळंच काहीतरी होतं.

पण पिक्चरमध्ये रागाला मिळतात चार-पाच मिनिटं, आणि तेवढ्यात कथाही पुढे सरकायची असते. याचं सगळ्यात सुंदर उदाहरण १९५२ चा बैजू बावरा. शेवटी दरबारात तानसेन आणि बैजूची जुगलबंदी होते ती देशी रागात आहे, तानसेनसाठी उस्ताद अमीर खाँ गायलेत आणि बैजूसाठी पं. द. वि. पलुस्कर. दोन एवढे मोठे गवई एका गाण्यात! पलुस्कर पुढे १९५५ मध्ये गेले, वय अवघं ३४, त्यामुळे हे गाणं असणं हीच मोठी गोष्ट आहे. मी शंभरदा ऐकलं असेल. तरी देशी राग कसा आहे हे त्यातून कळत नाही, त्याची चव कळते फक्त. चमचाभर.

द डिसायपल (२०२०) बद्दल थोडं वेगळं बोलायला पाहिजे. चैतन्य ताम्हाणेचा हा पिक्चर सुरुवात करणाऱ्याने आधी बघू नये असं माझं स्पष्ट मत आहे, दोन वर्षं ऐकून झालं की बघावा. त्यात शास्त्रीय गाणं शिकणारा एक मुलगा रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यावर बाइक चालवतो, कानात गुरूच्या गुरूंची जुनी टेप, मागे तंबोरा, आणि कॅमेरा अगदी संथ. ज्याने कधी इयरफोन लावून रात्री एकट्याने एखादा राग ऐकलाय त्याच्या पोटात तो सीन बघून तुटतं, पण ज्याने ऐकलेलं नाही त्याला तो लांबलेला वाटू शकतो, आणि इतका चांगला पिक्चर असा वाया जाऊ नये.

रेकॉर्डचं म्हणाल तर

इथे परत अमीर खाँसाहेबांकडेच येतो. त्यांची एक एलपी, म्हणजे मोठी तबकडी, आहे, एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. मला ती पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाली, कव्हरचा एक कोपरा वाळवीने खाल्लेला, पण तबकडी स्वच्छ. मारव्यात पंचम (प) नसतोच, आणि षड्जावरही (सा) गवई फारसा बसत नाही, रिषभ (रे) आणि धैवत (ध) यांच्यातच घोटाळत राहतो त्यामुळे ऐकताना सारखं काहीतरी अधांतरी राहिल्यासारखं वाटतं, सूर्य बुडतोय आणि घरात अजून दिवा लागलेला नाही तसं. खाँसाहेब झूमरा तालात अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ लयीत, एकेक सूर असा ठेवतात की घाईच नाही कसली, आणि मग बऱ्याच वेळाने षड्ज येतो. तो आला की खांदे आपोआप खाली येतात. मग उठायचं, तबकडी उलटायची, सुई ठेवायची, आणि दरबारी सुरू. मावळतीचा राग संपून मध्यरात्रीचा लागला, मध्ये फक्त ते उलटणं. मला रेकॉर्डमध्ये सगळ्यात जास्त काय आवडत असेल तर हे उठून उलटणं, कारण त्यासाठी तुम्ही खोलीतच असावं लागतं.

वेळेच्या हिशोबात एलपी मध्ये कुठेतरी बसते. एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं. त्याआधीच्या ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकड्यांवर तर तीनएक मिनिटंच मावायची, १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान तबकडीसाठी पहिल्यांदा गायल्या तेव्हापासून पन्नासेक वर्षं आपल्या गवयांनी अख्खे राग तीन मिनिटात बसवलेत, आणि काहींनी काय बसवलेत! अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी ऐका. केसरबाई केरकरांची भैरवी ऐका, १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अवकाशात गेली तिच्यावर ती आहे, साडेतीन मिनिटं, गोव्यातल्या केरी गावच्या बाईचा आवाज. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केसरबाई गेल्या. मला हे आठवलं की दर वेळी गलबलून येतं.

आणि रेकॉर्डची बाजू घेताना सगळ्यात मोठा मुद्दा हाच की जे गेले ते आता फक्त इथेच भेटतात. अमीर खाँसाहेब १९७४ मध्ये गेले, मी त्यांना कुठल्या मैफलीत ऐकणार? कुमार गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरी आमोणकर, कितीही तिकिटं काढा, आता भेटणार नाहीत.

पण मशीन घ्यायचं म्हणाल तर सावध. मी पहिल्यांदा एक सुटकेससारखा, आतच स्पीकर असलेला स्वस्त प्लेयर घेतला होता, दिसायला गोड. त्याची सुई फार जड बसायची, चांगल्या प्लेयरवर हे वजन दीड-दोन ग्रॅमच्या आसपास ठेवता येतं, याच्यात ते कमी-जास्त करायची सोयच नव्हती. सहा महिन्यात माझ्या एका आवडत्या एलपीच्या तारसप्तकातल्या जागा खरखरायला लागल्या आणि खाचा एकदा झिजल्या की झिजल्या, त्या परत येत नाहीत. ती एलपी माझ्या वडिलांची होती. म्हणून सांगतो, वजन ॲडजस्ट करता येईल असा प्लेयर, फोनो प्रीॲम्प (सुईकडून येणारा बारीक सिग्नल वाढवणारा) वेगळा नाहीतर आत असलेला, आणि दोन बरे स्पीकर, एवढं जमत असेल तरच घ्या, वीस हजारात हे ओढूनताणूनच बसतं आणि मग रेकॉर्ड घ्यायला काही उरत नाही. एलपी उभ्या ठेवायच्या, एकावर एक रचायच्या नाहीत. मुंबई-कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात कव्हरला बुरशी धरते, कपाट अधूनमधून उघडं टाकायचं. ७८ च्या तबकड्यांना रुंद सुई वेगळी लागते, एलपीची सुई त्यांच्यावर चालवायची नाही.

नुसतं ऐकायचंच असेल तर यातलं बहुतेक सगळं मोबाइलवर आहे, चांगला हेडफोन घ्या, झालं.

आता सवाई

सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव. १९५२ मध्ये सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर गेले, पुढच्या वर्षी त्यांच्या पहिल्या पुण्यतिथीला भीमसेनजी आणि बाकी शिष्यमंडळींनी पुण्यात सुरू केला तो आजतागायत चालू आहे, मध्ये कोरोनाची दोन वर्षं सोडली तर. आधी रमणबागेच्या मैदानावर व्हायचा, आता मुकुंदनगरला होतो, डिसेंबरात.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला समसुद्धा नीट कळत नव्हती, पुस्तकात वाचलेलं की तालाची पहिली मात्रा म्हणजे सम, पण वाचून काय कळणार? रमणबागेत भारतीय बैठकीत बसलो होतो, शेजारी एक आजोबा, मफलर, मांडीवर हात, बोटांनी मात्रा मोजत होते. विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, चालू होतं, राग पूरिया कल्याण, एक आवर्तन म्हणजे तालाचा एक फेरा केवढा लांब. गवई आलाप घेत कुठेतरी लांब गेला, मला वाटलं आता हा परत काही येत नाही, आजोबांची बोटं मात्र शांतपणे पुढे सरकत होती, आणि मग मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, आला आणि त्यांचा तळवा मांडीवर पडला, आणि त्याच क्षणी आख्ख्या मांडवात हजारो माना एकदम खाली गेल्या. एकदम. कोणी कोणाला खूण केली नव्हती. माझ्या अंगावर काटा आला. पुढच्या आवर्तनात मी आजोबांच्या बोटांकडे बघत बसलो आणि तिसऱ्या-चौथ्या वेळेला माझाही हात बरोबर पडला. ते माझ्याकडे बघून फक्त हसले. सम मला तिथे कळली, आणि कुठल्या रेकॉर्डवरून ती अशी कळली असती असं मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. इथे एक राग तासभरसुद्धा चालू शकतो. गाण्याआधी तंबोरे लावतात तेवढी पाच मिनिटंही ऐका, खुंटी जराशी पिळली, मणी केसभर सरकवला आणि जवारी, म्हणजे तारांची ती गुंजणारी झणझण, खुलली की पूर्ण मांडव भरून जातो, रेकॉर्डवर हा भाग नसतोच. आणि एखादी जागा गवयाकडून नीट लागत नाही, तो परत जातो, परत घेतो, तिसऱ्यांदा लागते, तेव्हा पहिल्या रांगेतून "क्या बात है" येतं आणि पुढचं गाणं बदलतं, दाद मिळाली की गवई वेगळा गातो हे डोळ्यासमोर दिसतं.

उणी बाजूही आहे, ती लपवत नाही. तुमच्या आवडीचा गवई आहे त्या दिवशी घसा बसलेला असू शकतो. मागच्या बाजूला बसलात तर स्टॉलवरच्या गप्पा ऐकू येतात. पाचही दिवस जायचं तर रजा टाकावी लागते आणि पुण्याबाहेरच्यांना राहायचा खर्च वेगळा. आणि एक खरंच दुखणारी गोष्ट, पूर्वी सवाई रात्रभर चालायचा, आता लाउडस्पीकरच्या वेळेच्या नियमामुळे रात्री दहाला आटोपतं, एखाद्या दिवशी बारा, त्यामुळे मालकंस, दरबारी त्यांच्या खऱ्या वेळेला आणि पहाटेचा ललत तिथे मिळत नाही. पहाटेचे राग ऐकायचे तर दिवाळी पहाटेचे कार्यक्रम आहेत, रात्रभर बसायचं असेल तर जानेवारीत कलकत्त्याचं डोव्हर लेन. नाहीतर रेकॉर्ड लावा पहाटे साडेपाचला, इथे रेकॉर्ड सरळ जिंकते. गोव्यातल्या लोकांनी पणजीचा केसरबाईंच्या नावाचा समारोह सोडू नये. परदेशात असाल आणि डिसेंबरात येणं होत नसेल तर तुमच्यासाठी माझं उत्तर वेगळं आहे, तुम्ही हेडफोन आणि जुन्या खाजगी मैफलींची रेकॉर्डिंग यापासूनच सुरू करा, एलपीपेक्षा त्यात राग मोकळा वाढलेला असतो.

बाकी सगळ्यांनी पहिले पैसे तिकिटावर घालावेत. सीझन तिकीट नको पहिल्याच वर्षी, एका दिवसाचं काढा, खुर्ची नको, भारतीय बैठक, स्वस्तही पडतं आणि आजोबा तिथेच भेटतात. जायच्या आधी एक पिक्चर बघा, कट्यार किंवा बैजू बावरा. जाऊन आल्यावर जे राग ऐकले त्यांची नावं लिहून ठेवा आणि महिनाभर तेच राग वेगवेगळ्या गवयांचे मोबाइलवर ऐका, एक मारवा चार जणांचा. वर्षभराने तरीही हात सुईकडे जात असेल तर प्लेयर घ्या.

बहिणीला हे सगळं सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे रेकॉर्ड शेवटी?" तेव्हा तिला सवाईच्या शेवटाबद्दल सांगितलं. शेवटच्या दिवशी सगळ्यांचं गाणं झालं की सवाई गंधर्वांची जुनी भैरवीची रेकॉर्ड लावतात. इतके दिवस तेवढं जिवंत गाणं ऐकलेले लोक, उठून चपला शोधायच्या सोडून, त्या तबकडीची तीन मिनिटं ऐकत थांबतात, खरखरीसकट.

तिने रविवारचं तिकीट काढायचं ठरवलंय, बैठकीचं. शाल आणि पाण्याची बाटली घेऊन ये म्हटलंय, शेजारी मी असेनच.